वेदनेची साक्ष

चिखली तालुक्यातील एका गावात माझे एक जुने परिचित राहतात. वय पन्नाशीच्या पुढे, दोन भावांचे एकत्र कुटुंब, कोरडवाहू जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर. काही वर्षांपूर्वी सोयाबीनचे पोते ट्रॅक्टरवर चढवताना त्यांच्या मणक्यातील गादी सरकली. एक ऑपरेशन झाले, पुढे दुसरे झाले. पाठ सावरली, परंतु कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत एक जळजळ कायमची राहून गेली. रात्री पायावर चादरही सहन होत नाही. मशिदीत शेवटच्या सफमध्ये भिंतीलगत त्यांची खुर्ची ठेवलेली असते. उभे न राहू शकणाऱ्याने बसून आणि बसू न शकणाऱ्याने कुशीवर पडून नमाज अदा करावी, ही सवलत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. इमरान बिन हुसैन (र.) यांना त्यांच्या आजारपणात सांगितली होती, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही कपाळ जमिनीला टेकत नाही, याचे दुःख त्यांना पायाच्या दुखण्याहून अधिक सलते.

मोठ्या शहरातील एका डॉक्टरांनी त्यांना एक यंत्र सुचवले. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा बसवायच्या, त्या कमरेजवळ कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीच्या डबीला जोडायच्या आणि सौम्य विद्युत्स्पंदनांनी मेंदूकडे जाणारी वेदना अडवायची. खर्च काही लाखांचा. धाकटा भाऊ दोन एकर विकायला तयार झाला. मलकापूरकडील एका दूरच्या नातलगाला असेच यंत्र बसवले होते आणि तो आता चालतो-फिरतो, असे कोणीतरी सांगितले होते.

एका संध्याकाळी मगरिबनंतर ते माझ्याकडे आले आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले. असे यंत्र शरीरात बसवणे सब्रच्या विरुद्ध आहे काय? आणि दुसरा: त्या नातलगाच्या सांगण्यावर जमीन विकावी काय?

वाचकहो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास फार वेळ लागला नाही. अल्लाहने कोणताही आजार उपचाराविना उतरवलेला नाही, हा आशय सहीह बुखारीतील हदीसमध्ये आला आहे. ग्रामीण अरबांनी औषधोपचार करावा काय, असे विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना करा असेच सांगितले आणि वार्धक्याचा तेवढा अपवाद केला. सब्र म्हणजे दुखणे नाकारणे नव्हे. ह. अय्यूब (अ.) यांनी आपल्याला यातना झाल्याचे आपल्या पालनकर्त्यापुढे स्पष्ट मांडले (२१:८३). सुंदर संयमाचा निर्धार बोलून दाखवणाऱ्या ह. याकूब (अ.) यांनीही आपले दुःख अल्लाहपाशी उघड केले (१२:८६). ह. आयशा (र.) डोके दुखते म्हणून कण्हल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपलेही डोके दुखत असल्याचे त्याच शब्दांत सांगितले. आपल्या घरांतून मात्र दुखणे बोलून दाखवणाऱ्या सुनेला किंवा वृद्ध वडिलांना कधी कधी सब्रचा उपदेश केला जातो. तो उपदेश करणाऱ्याला स्वतःला काही दुखत नसते, हे नमूद करून पुढे जातो.

दुसरा प्रश्न अवघड होता. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

त्या नातलगाने खोटे सांगितले, असे मला क्षणभरही वाटले नाही. वेदना ही ज्याची त्यालाच कळते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना हा नेहमीच व्यक्तिगत अनुभव असतो आणि रुग्णाने केलेल्या कथनाचा आदर राखला पाहिजे, असे तिने नोंदवले. रक्तातील साखर मोजता येते, तशी वेदना मोजता येत नाही. रुग्णाला विचारावे लागते: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, तर आज किती? तो जो आकडा सांगेल तोच खरा. म्हणून नातलग म्हणतो की दुखणे कमी झाले, तर ते कमी झालेच आहे. पण तो दोन गोष्टी सांगत असतो. एक, मला आराम आहे. दुसरी, तो या यंत्रामुळे आहे. पहिल्या गोष्टीचा तो स्वतः साक्षीदार आहे. दुसरीचा नाही, ते त्याचे अनुमान आहे.

ज्याचे ज्ञान नाही त्याच्यामागे जाऊ नका, कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांची विचारणा होणार आहे, अशी ताकीद कुरआनात आहे (१७:३६). अनुमान सत्याची जागा घेऊ शकत नाही, असेही बजावले आहे (१०:३६). ही वचने आपण निंदा, अफवा आणि भाऊबंदकीतील आरोप यांच्या संदर्भात ऐकत आलो आहोत. औषधाची शिफारस करताना ती आपल्याला आठवत नाहीत. वास्तविक अमक्याने तमका बरा झाला, हे विधान केले की आपण साक्ष देत असतो आणि त्या साक्षीवर कोणीतरी दोन एकर विकत असतो.

मनुष्य यंत्र बसवण्यास, अथवा कोणताही उपचार घेण्यास, केव्हा जातो? दुखणे शिगेला पोहोचते तेव्हा. जुनाट वेदना एका पातळीवर राहत नाही; ती चढते आणि उतरते. शिगेला असताना जे काही केले, त्यानंतर ती बहुधा थोडी उतरणारच होती. श्रेय मात्र त्या वेळी हाती असलेल्या उपचाराला मिळते. त्यात आशेचा वाटा वेगळा. मोठे रुग्णालय, शस्त्रक्रिया, मायेने बोलणारे डॉक्टर, घरच्यांनी उचललेला खर्च, या सगळ्याने मन निर्धास्त होते आणि निर्धास्त मनाची वेदना खरोखरच कमी होते. ही लबाडी नाही, शरीराची घडणच तशी आहे. आणि ज्यांना आराम पडला नाही ते गप्प राहतात, ही तिसरी गोष्ट.

ही तिसरी गोष्ट बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास सर्व धर्मांचे लोक येतात, आपापल्या घरचे आजारी माणूस घेऊन येतात. तेथे जाण्याच्या शरीअतमधील हुकुमाविषयी या मासिकातून पुष्कळ लिहिले गेले आहे. तो आजचा विषय नाही. बरे वाटलेला मनुष्य पुढच्या वर्षी पुन्हा येतो आणि आपली कथा दहा जणांना सांगतो. बरे न वाटलेला येत नाही. आला तरी आपल्याच श्रद्धेत उणीव होती असे समजून मान खाली घालतो. त्यामुळे तेथे ऐकू येणाऱ्या कथा बहुतेक बरे झालेल्यांच्याच असतात. आता मोठ्या रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहातील भिंत आठवा. हसऱ्या रुग्णांची छायाचित्रे तेथे लावलेली असतात. न हसणाऱ्यांची कोण लावील? दर्ग्यातील कथा आम्ही अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतो आणि भिंतीवरील छायाचित्राला विज्ञान म्हणतो. दोन्हींना एकच तराजू लावणे हाच न्याय.

तो तराजू म्हणजे तुलना. सारख्या रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही आणि दोघांकडे सारख्याच नजरेने पाहायचे. ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असे आपल्याकडील सुशिक्षितही मानतात. अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अर्‌-राझी हे रय येथील हकीम, बगदादच्या रुग्णालयाचेही प्रमुख, हिजरी ३१३ म्हणजे इसवी सन ९२५ च्या सुमारास निवर्तले. त्यांच्या ‘अल्‌-हावी’ या विशाल ग्रंथात सरसाम नावाच्या मेंदूच्या तापाविषयी एक नोंद आहे. पूर्वलक्षणे दिसताच त्यांनी रुग्णांच्या एका गटाचे रक्त काढले, त्या काळचा तोच उपचार होता. आणि दुसऱ्या गटाचे हेतुपुरस्सर काढले नाही, जेणेकरून मत निश्चित करता यावे. त्यांचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूचा होता; आज कोणी तो उपचार करणार नाही. निष्कर्ष चुकला, पण प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला होता.

या नोंदीचा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो. मला ती वाचताना अभिमानासोबत अस्वस्थताही वाटते. ज्यांचे रक्त काढले नाही, त्या दुसऱ्या गटातील माणसांचे काय? अर्‌-राझी यांच्या समजुतीप्रमाणे तो प्राण वाचवणारा उपचार होता आणि त्यांनी तो काही जणांपासून राखून ठेवला. त्या माणसांना विचारले होते काय? नोंद त्याविषयी मूक आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या मापाने मोजू नये, हे मान्य. परंतु प्रश्न आजचाही आहे. तुलनेशिवाय सत्य कळत नाही आणि तुलना करायची तर कोणाला तरी रिकाम्या हाताने उभे करावे लागते. श्रद्धावंताने हे कसे स्वीकारावे?

महाराष्ट्रातच याची दोन उदाहरणे आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले रायगड जिल्ह्यातील महाडचे. कोकणातील लाल विंचवाचा दंश प्राणघातक ठरतो. वेदना तर अशी की धडधाकट मनुष्य लोळतो. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तेथे प्राझोसिन हे औषध अनेक वर्षे वापरून अनेकांचे प्राण वाचवले. पुढे विंचवाच्या विषावरील लस उपलब्ध झाली, तेव्हा तिचा अधिक उपयोग होतो काय हे पाहण्यासाठी त्यांनी ७० रुग्णांचे दोन गट केले. ही पाहणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. लक्षात घेण्याजोगी बाब ही की प्राझोसिन दोन्ही गटांना दिले गेले. जे गुणकारी असल्याचे ठाऊक होते, ते कोणापासूनही राखले नाही. ज्याविषयी शंका होती, तेवढेच तराजूत घातले.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातील तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे. १९९९ पासून तेथील गावांचे ५२ समूह करून १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे चार गट पाडण्यात आले. तीन गटांतील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात त्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. या पाहणीने गरीब देशांतील लाखो स्त्रियांसाठी मार्ग दाखवला, हे खरे. पुढे मात्र कठोर टीका झाली: तपासणीने मृत्यू टळतात हे इतर देशांत आधीच दिसले होते, मग या स्त्रियांना वगळले का? उत्तर असे दिले गेले की आपल्या देशातील खेड्यांत अशी तपासणी मुळातच होत नव्हती. चौथ्या गटाला त्यांच्या नेहमीच्या स्थितीतच ठेवले. वाद तज्ज्ञांचा आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की गरिबाची नेहमीची स्थिती हा त्याला वंचित ठेवण्याचा परवाना मानला, तर जो जितका दरिद्री तितका तो प्रयोगासाठी सोयीचा ठरतो. न्यायाचा हुकूम देणाऱ्या दीनमध्ये या युक्तिवादाला जागा सापडणे मला कठीण दिसते.

दुसऱ्याला आपल्यावर प्राधान्य देणे, स्वतः निकडीत असतानाही देणे, याची कुरआनाने प्रशंसा केली आहे (५९:९). त्याला आपण ईसार म्हणतो. उपचार न मिळणाऱ्या गटात स्वेच्छेने उभा राहणारा मनुष्य, आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी रुग्णांना सत्य कळावे म्हणून उभा राहत असेल, तर तो ईसारच आहे आणि त्याचे ज्ञान मागे राहून लोकांच्या उपयोगी पडत राहील. परंतु ईसार मनुष्य स्वतः करतो. दुसऱ्याच्या ताटातील भाकरी त्याला न सांगता उचलून तिसऱ्याला दिली, तर त्याला ईसार म्हणत नाहीत.

ह. इब्ने अब्बास (र.) यांनी आपल्या शिष्याला दाखवलेल्या एका स्त्रीची हकीकत बुखारी आणि मुस्लिम दोहोंत आहे. तिला अपस्माराचे झटके येत आणि झटक्यात अंगावरील वस्त्र सरकत असे. तिने प्रेषितांकडे (स.) दुआची विनंती केली. त्यांनी तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले: सब्र केलास तर जन्नत, हवे असेल तर बरे होण्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडले. मात्र आपले अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली आणि ती करण्यात आली. आपले उपदेशक ही हकीकत सब्रचे महत्त्व सांगण्यासाठी वापरतात. तिच्यात आणखी काही आहे. प्रेषितांनी (स.) तिच्या वतीने निर्णय घेतला नाही. दोन्ही मार्गांवर काय आहे ते उघड सांगितले, निवड तिच्यावर सोडली आणि निवडल्यानंतरही तिने घातलेली अट ऐकली. ती ना धनवान होती, ना मोठ्या घराण्यातील. आजच्या रुग्णालयांत सही घेण्यासाठी पुढे सरकवलेला कागद, जो बहुतेकदा रुग्णाच्या भाषेतही नसतो, या प्रसंगाशेजारी ठेवून पाहावा.

आता त्या यंत्राकडे वळतो.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी अशी कल्पना मांडली की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दार असते आणि स्पर्शाचे संदेश ते दार लोटून घेऊ शकतात. लागलेल्या जागी आपण हात चोळतो आणि बरे वाटते, ते यामुळेच. दोन वर्षांनी अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी असह्य वेदनेच्या रुग्णाच्या पाठीत असे पहिले यंत्र बसवले. त्या काळच्या यंत्रांनी दुखऱ्या भागात मुंग्या येत आणि त्या मुंग्यांखाली वेदना झाकली जाई.

तुलनेची अडचण नेमकी या मुंग्यांमुळे झाली. औषधाच्या गोळीशेजारी तशीच दिसणारी साखरेची गोळी ठेवता येते आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळत नाही. यंत्र चालू असेल तर मुंग्या येणार, बंद असेल तर येणार नाहीत. रुग्णाला लगेच समजणार. म्हणून दीर्घकाळ यंत्राची तुलना फक्त नेहमीच्या औषधोपचाराशी झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रसिद्ध पाहणीत मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण होते, आमच्या परिचितांसारखेच. सहा महिन्यांनी यंत्र मिळालेल्यांपैकी ४८ टक्के रुग्णांची पायाची वेदना निम्म्याने किंवा अधिक उतरली होती. औषधांवर राहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांची. फरक मोठा आहे. पण एका गटाला नवी आशा मिळाली होती आणि दुसऱ्याला जी औषधे पूर्वी चालली नव्हती तीच पुढे चालवावयाची होती, हेही त्यात मिसळलेले आहे.

पुढे मुंग्या न आणणारी स्पंदने निघाली आणि खरी परीक्षा शक्य झाली. नॉर्वेत मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिलेल्या ५० रुग्णांच्या शरीरात यंत्र बसवले गेले. प्रत्येकाच्या वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग केले; दोन भागांत यंत्र चालू, दोन भागांत बंद, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. चालू केव्हा आणि बंद केव्हा, हे रुग्णाला कळू दिले नाही. परंतु असे होणार आहे, हे प्रत्येकाला आधी सांगून संमती घेतलेली होती. येथे वगळलेला गट नव्हताच. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली. निष्कर्ष २०२२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. दैनंदिन हालचालीतील अडचण शंभर गुणांच्या मापावर मोजली होती. यंत्र चालू असताना ती सरासरी १०.६ गुणांनी कमी झाली. यंत्र बंद असताना ९.३ गुणांनी.

हे दोन आकडे मी आमच्या परिचितांना वाचून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे बंद यंत्रानेही बरे वाटते?” होय, वाटते. नऊ रुग्णांना काही ना काही त्रास झाला आणि चौघांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्याच पाहणीत आहे.

प्रामाणिकपणासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या पाहणीत स्पंदने ज्या पद्धतीने दिली ती नेहमीच्या वापराहून वेगळी होती, असा आक्षेप अनेक वेदनातज्ज्ञांनी घेतला. एका प्रकारच्या स्पंदनांचा निष्कर्ष सर्व यंत्रांना लागू करू नये, हे त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. मधुमेहामुळे पायांच्या मज्जातंतूंत होणाऱ्या वेदनेवर दुसऱ्या प्रकारच्या यंत्राची पाहणी झाली आहे आणि तिचे आकडे आशादायक आहेत. मात्र तेथेही तुलना औषधांशी होती, बंद यंत्राशी नव्हती. कंबरदुखीसाठी या यंत्राचा किती उपयोग होतो, हे तपासण्यासाठी २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १३ पाहण्या, म्हणजे ६९९ रुग्णांची माहिती, एकत्र करून पाहिली. दीर्घकालीन लाभाचा भरवसा देता येईल असा पुरावा तिला मिळाला नाही. यंत्र निरुपयोगी सिद्ध झाले, असे मी म्हणत नाही. जितक्या खात्रीने ते विकले जाते, तितकी खात्री तराजूने दिलेली नाही.

येथे एक प्रश्न उरतो आणि तो मला प्रामाणिक वाटतो. बंद यंत्रानेही आराम पडत असेल, तर सांगायचे कशाला? रुग्णाला आशेवर राहू द्यावे, तेवढाच त्याला दिलासा. काही डॉक्टर मनातून असे समजतात. घरातील वडीलधारी मंडळी तर उघड म्हणतात. मला हे पटत नाही आणि कारण बाजारातील आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. त्या राशीतील धान्य खोटे नव्हते, खाण्याजोगेही असेल. दोष लपवण्याचा होता. दिलासा देणे पुण्याचे आहे. पण दिलाशासाठी पाठीत शस्त्रक्रिया आणि कुटुंबाची जमीन घेतली जात असेल, तर ओले धान्य वर ठेवलेच पाहिजे.

आणि ती जमीन एकट्याची नव्हती. बोलता बोलता कळले की वडील वारले तेव्हापासून वाटणी झालेलीच नाही. थोरली बहीण मेहकरला दिलेली आहे; तिचा हिस्सा सातबाऱ्यावर नाही, पण अल्लाहच्या ग्रंथात आहे (४:७). तिला न विचारता दोन एकर विकणे म्हणजे तिच्या मालमत्तेतून उपचार करणे. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट इतकी सर्रास चालते की कोणाला ती सांगताना संकोचही वाटत नाही. मी ती सांगितली, तेव्हा धाकटा भाऊ थोडा नाराज झाला. आजारी मोठे भाऊ मात्र दुसऱ्याच दिवशी बहिणीकडे गेले.

आपांनी हिस्सा देण्यास नकार दिला नाही. त्यांनी नॉर्वेचे आकडे भावाकडून दोनदा समजून घेतले आणि म्हणाल्या, “तुझ्या पायाला खरोखर आराम पडणार असेल तर सगळा घे. नुसता मनाला पडणार असेल, तर त्यासाठी मी दर शुक्रवारी येऊन बसत जाईन, त्याला जमीन कशाला?” बुद्धिमान बाई. जमिनीपेक्षा त्यांच्या येण्याचा प्रस्ताव मला अधिक मोलाचा वाटला. पण यंत्राचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण त्यांना आराम देणाऱ्यांपैकी यंत्र एक असूही शकेल.

या उपचारात एक चाचणीचा टप्पा असतो. आधी केवळ तारा आत घालतात, डबी बाहेर कमरेला बांधतात आणि काही दिवस पाहतात. लाभ दिसला तरच कायमचे यंत्र बसवतात. खर्च तुलनेने कमी. आमच्या परिचितांनी डॉक्टरांना गाठून विचारले, “त्या दिवसांत यंत्र मला न सांगता कधी बंद ठेवाल काय? माझी संमती आहे, लिहून देतो.” डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. मुंग्या न आणणारी पद्धत वापरली तर हे करता येईल, सहकाऱ्यांशी बोलून कळवतो, असे ते म्हणाले. कोणत्याही रुग्णाने आजवर आपल्याला असे विचारले नव्हते, हेही त्यांनी सांगितले. या डॉक्टरांविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला.

तुरीची काढणी आटोपल्यावर चाचणीला जायचे ठरले आहे. यंत्र बसण्याआधीची स्थिती नोंदलेली असावी म्हणून आपांनी एक शाळेची वही आणून दिली. आकडे आपांची नात लिहिते. गेल्या जुम्याला ती वही मी पाहिली. चार रकाने आहेत: रात्री किती वेळा जाग आली, वेदना दहापैकी किती, घरापासून मशिदीपर्यंत किती वेळा थांबावे लागले, आणि सजदा. पहिल्या पानावर शेवटच्या रकान्यात अकरा दिवस ‘खुर्चीवर’ लिहिलेले आहे. बाराव्या दिवशी ‘जमिनीवर, एकदा’. त्या दिवशी यंत्र नव्हतेच. शुक्रवार होता आणि आपा आलेल्या होत्या.